प्रगतीचे एकोणीस नियम आणि बारक्याचा केक

गंजाडच्या प्रगतीला डहाणू स्टेशनच्या आसपास दोन नावं आहेत. लग्नाच्या मांडवात तिला 'कॅमेरावाली' म्हणतात आणि ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे ते तिला 'नियमवाली' म्हणतात. दुसरं नाव कौतुकानं पडलेलं नाही. बाळाचे फोटो काढून द्याल का, एवढं विचारायला कुणी फोन केला की ही बाई उलट त्यालाच विचारत सुटते. बाळ केव्हा झोपतं? काय खातं? काय खाल्लं की पुरळ उठतं? दात किती आलेत? घरात कुणाला शेंगदाणे सोसत नाहीत का? तिसऱ्या प्रश्नाला माणूस हसतो, सातव्याला वैतागतो आणि दहाव्याला म्हणतो, "बरं, घरी विचारून सांगतो." तो पुन्हा फोन करत नाही.

आता फोटो काढणाऱ्या बाईला बाळाच्या दातांशी काय करायचंय, असं कुणीही म्हणेल. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि प्रगतीचं तोंड चांगलंच पोळलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती सीमेपलीकडे गुजरातेतल्या एका स्टुडिओत लाइट धरायच्या कामाला होती. तिथे एका वर्षाच्या मुलीचे केकचे फोटो चालले होते. हल्लीची ही नवी हौस. पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे अख्खा केक ठेवायचा आणि त्याला तो हवा तसा फोडू, चिवडू, अंगाला माखू द्यायचा. बाळ बरबटतं, आईबाप फोटो काढून घेतात आणि घर धुवायला आजी असतेच. त्या केकवर चांदीच्या रंगाच्या साखरेच्या गोळ्या लावल्या होत्या. त्यातली एक मुलीच्या घशात अडकली. आवाज बंद झाला, ओठ निळे पडले. आईनं तिला पालथी घालून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा गोळी फरशीवर येऊन पडली. मग मुलगी रडली, सगळे हसले, आणि फोटोग्राफर म्हणाला, "चला, आता एक स्माइलवाला घेऊ." प्रगतीला काही हसता आलं नाही. त्याच महिन्यात तिनं ते काम सोडलं.

मग डहाणूत तिनं स्वतःची एक खोली घेतली. लग्नं केली, साखरपुडे केले, शाळांचे वर्गवार फोटो काढले, पण केकचा फोटो एकही नाही. ती नाही म्हणत नव्हती. तिच्या वहीत लिहिलेले एकोणीस नियम ऐकून गिऱ्हाईकच नाही म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर तिला तेच बरं वाटायचं. एखाद्यानं सगळे नियम मान्य करून हो म्हटलं असतं तर तिची पाचावर धारण बसली असती.

शेवटी हो म्हटलं ते झाईच्या हंसाकाकीनं.

झाई म्हणजे तलासरी तालुक्याचं समुद्राकडचं टोक. त्यापुढे गुजरात. हंसाकाकी तिथली मासेवाली. डोक्यावर टोपली असली नसली तरी मान तशीच ताठ, आणि आवाज असा की घरात बोलली तर बंदरावर ऐकू यावं. तिच्या सुनेला, रुपलला, मुलाचे केकचे फोटो हवे होते. मुलाचं जन्मदाखल्यावरचं नाव काहीही असो, घरात तो बारक्या. रुपलनं फोन स्पीकरवर ठेवून प्रगतीला विचारलं आणि प्रगतीची प्रश्नपत्रिका सुरू झाली. अकराव्या प्रश्नाला रुपल दमली. तेव्हा हंसाकाकीनं तिच्या हातातून फोन घेतला.

"पोरी, चाळीस वरसं मासा विकते मी. जे गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, बोटानं दाबून बघतं, दहा सवाल करतं, त्यालाच मासा कळतो. तुझ्या आधी दोघांना विचारलं. दोघं बोलले, 'हो जायेगा आंटी.' काय हो जायेगा? तू ये."

प्रगतीनं फोन ठेवला आणि वहीतले एकोणीसच्या एकोणीस नियम पुन्हा वाचून काढले.

पहिली बैठक हंसाकाकीच्या घरी झाली, ती तारखेवरून. हंसाकाकीचा नवरा नारू आणि मुलगा पियुष दोघंही बोटीवर. उधाणाच्या दिवसांत जाळं लावायला समुद्रात जायचं आणि पाणी सुस्त झालं, म्हणजे भांग लागला, की घरी थांबायचं. दर्यावरच्या माणसाला रविवार कळत नाही, भांग कळतो. आणि बारक्याचा वाढदिवस येत होता नेमका ऐन उधाणात. हंसाकाकीनं त्याच्या आठ दिवस आधीचा भांग ठरवूनही टाकला होता.

"काकी, वर्ष पूर्ण व्हायच्या आधी नको," प्रगती म्हणाली. "हा माझा पहिलाच नियम आहे."

"आठ दिवसांनी काय होतं गं? जन्मला तेव्हा बाप समुद्रात होता. आता वाढदिवसाला पण समुद्रातच?"

"मग पुढच्या भांगाला करू. आठ दिवस आधीऐवजी आठ दिवस नंतर."

हंसाकाकीनं डोळे बारीक केले. तिला भाव पाडून मागणारी माणसं आवडत नसत, पण ही काही भाव पाडत नव्हती. "बरं," ती म्हणाली. "आठ दिवसांनी मासा शिळा होतो, पोरगा नाय होत."

एवढं जिंकल्यावर प्रगतीला धीर आला आणि तिनं वही उघडली. फुगे नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जातो. काचेचा स्टँड नको. केकवर फुलं, मणी, टूथपिक, प्लास्टिकची बाहुली काही नको. मेणबत्ती बाळाच्या हाताबाहेर, आणि ती आजीनं फुंकून लगेच घरात न्यायची. खाली चकचकीत प्लास्टिक नको, दही सांडलं की मूल त्यावरून घसरतं. गोधडी घालायची आणि वर पांढरी चादर ताणून बसवायची. बाळाची झोप झालेली हवी, पोट अर्धं भरलेलं हवं. एक मोठं माणूस कायम हाताच्या अंतरावर. पायातले चांदीचे वाळे काढायचे. घोलवडच्या डॉक्टरांचा नंबर तिघांच्या फोनमध्ये हवा.

बारक्या या वेळी आजीच्या मांडीवर बसून वहीचं पान ओढत होता. गुबगुबीत गाल, गालावर काजळाची तीट, मनगटात काळ्या मण्यांचा दोरा, आणि खालचे दोन दात दाखवत हसायची सवय. प्रगतीनं त्याचे वाळे हलवून पाहिले आणि वहीत खूण केली.

गाडी अडली ती घासावर. वाडीत रीत अशी की वाढदिवसाच्या मुलाला प्रत्येक थोरल्या बाईनं एकेक घास भरवायचा. आठ बाया येणार, म्हणजे आठ घास, आठ हात, आणि कुणाच्या पदराखाली पेढा असेल, कुणाकडे चिक्की, ते सांगता येत नाही.

"घास कुणी भरवायचा नाही," प्रगती म्हणाली.

हंसाकाकीची मान आणखी ताठ झाली. रुपलनं घाबरून दाराकडे पाहिलं.

"मग बाया येऊन करतील काय?"

"बसतील. गाणी म्हणतील. बघतील."

"माझ्या वाडीतल्या बाया? आणि नुसत्या बसतील?" हंसाकाकीला एवढं हसू आलं की मांडीवरचा बारक्या हलायला लागला. पण ती हसली तिथेच मामला मिटला. बाया हात साबणानं धुऊन येतील आणि अंगणात टाकलेल्या दोरीच्या मागे बसतील, असं ठरलं. त्यांना ते कोणत्या शब्दांत सांगितलं हे प्रगतीनं विचारलं नाही.

केक कुठल्याही बेकरीत सांगायचा नव्हता. बारक्या जे रोज खातो त्याचाच करायचा होता, म्हणजे नवं काही पोटात जाण्याचा प्रश्न नाही. रुपलनं यादी दिली: नाचणी, तांदळाची पेज, केळं, दही. आदल्या दिवशी गंजाडला प्रगतीच्या आईनं, रखमीनं, घरच्या नाचणीचं आणि तांदळाचं पीठ केळ्यात कालवलं आणि टोपात वाफवलं. साखर नाही, मध नाही, अंडं नाही. वरून लावायला दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं होतं, त्याचा चक्का. तयार झालेल्या गोळ्याकडे रखमी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"याला केक बोलतात?"

"हो."

"मग मी जन्मभर केकच खाल्ला. लोकांना उगाच वाटलं आम्ही गरीब हाव."

सकाळी प्रगती स्कूटरवर पुढे आणि रखमी मागे, मांडीवर स्टीलचा डबा धरून. डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोरडी. खड्डा आला की रखमी डबा उचलून धरी आणि स्वतः आदळे. झाईला पोचल्यावर तिनं आधी डबा उतरवला आणि मग स्वतः उतरली.

दहा वाजता बारक्या झोपून उठला. साडेदहाला चादरीवर त्याच्यापुढे केक आला: तपकिरी, वर पांढरा चक्का, आणि तेवढंच. बापानं हाताच्या अंतरावर उकिडवं बसायचं, हे पियुषला तीनदा सांगितलं होतं. तो जाळं ओढायला बसावा तसा सज्ज बसला. दोरीमागे आठ बाया. गाणं सुरू झालं. हंसाकाकीनं मेणबत्ती फुंकली आणि चोरट्यासारखी ती घरात नेली. नारूनं टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच.

बारक्यानं आधी केककडे पाहिलं, मग आजीकडे, मग पुन्हा केककडे. एक बोट बुडवलं. चाटलं. आणि मग, हा सगळा आपल्याच मालकीचा आहे हे ध्यानात आल्यावर, त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. बाया ओरडल्या. तो खिदळला. त्यानं एक मूठ बापाच्या गुडघ्याला लावली, एक स्वतःच्या डोक्याला आणि तिसरी तोंडात. प्रगतीच्या अंगातली भीती कुठे गेली तिलाच कळलं नाही. ती पालथी पडून फोटो काढत होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं काम आवडत होतं. मनापासून, लहान मुलासारखं आवडत होतं.

अगदी जवळचा एक घ्यावा म्हणून तिनं लेन्स फिरवली. चक्क्यानं माखलेली मूठ, ओठ, दोन दात. फोटो छान आला म्हणून तिनं स्क्रीनवर मोठा करून पाहिला. बारक्याच्या मनगटाला एक काळा दोरा लोंबत होता. नुसता दोरा.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकोणीस नियम लिहिणाऱ्या बाईनं साखरेचा मणी बंद केला, प्लास्टिकचा मणी बंद केला आणि बाळाच्या मनगटातले खरेखुरे मणी तसेच राहू दिले. तिला ते दिसले नव्हते असं नाही. पण दृष्टीचे काळे मणी तिच्या भावाच्या हातात होते, भाच्याच्या हातात होते, गंजाडपासून झाईपर्यंत प्रत्येक बाळाच्या हातात असतात. बाळाची नखं कुणी दागिना म्हणून मोजत नाही, तसे ते मणी कुणी वस्तू म्हणून मोजत नाही. परगावची कुणी बाई असती तर तिनं पहिल्या भेटीतच बोट दाखवलं असतं.

"मणी!" प्रगती ओरडली. "मणी तुटले!"

ती कॅमेरा गळ्यात लोंबकळता ठेवून धावली आणि तिनं बारक्याला उचलून त्याचं तोंड उजेडाकडे केलं. तोंडात बोट घालायचं नाही, मणी असलाच तर आत ढकलला जातो, एवढं तिला ठाऊक होतं. केकपासून तोडल्याचा बारक्याला एवढा राग आला की त्यानं जबडा फाडून टाहो फोडला. तोंडात नाचणी होती, जीभ होती, दोन दात होते. मणी दिसला नाही. रडतंय म्हणजे श्वास आहे. प्रगतीला त्या रडण्यासारखं गोड काही आजवर ऐकू आलं नव्हतं. पण गिळला असेल तर?

"किती होते?" तिनं विचारलं.

"अकरा," हंसाकाकी म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. "मीच ओवले. अकरा."

चादरीवर पाच सापडले. बारक्याच्या मुठीत दोन, चड्डीच्या घडीत एक. आठ. उरलेले तीन त्या केकमध्ये होते, नाहीतर त्याच्या पोटात. आणि केक होता नाचणीचा, काळपट तपकिरी. त्यात काळा मणी शोधायचा म्हणजे अंधारात मांजर शोधण्यासारखं. प्रगतीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, श्वास नीट आहे ना, खोकत नाही ना, मग घाबरू नका, घेऊन या; आणि किती मणी गेलेत ते सांगता आलं तर बरं. पियुष रिक्षा आणायला पळाला. रुपल बारक्याला छातीशी धरून उभी राहिली. नारू नुसताच इकडून तिकडे फिरत होता.

तेव्हा हंसाकाकीच्या अंगात जोर आला. तिनं दोरी पायानं बाजूला केली.

"बायांनो, या पुढं. जवळा हाय समजा."

जवळा म्हणजे भाताच्या दाण्याएवढी कोळंबी. बंदरावर तिचे ढीग पडतात, आणि या बाया उन्हात बसून त्यातून शिंपल्याचे कण, बोटाच्या टोकाएवढे खेकडे, कचरा निवडून काढतात. तोंडानं गावाच्या चहाड्या चालू असतात आणि बोटं आपलं काम करत असतात. आठ बाया चादरीभोवती गोल बसल्या. एकीनं उरलेल्या केकचे आठ वाटे केले. प्रत्येकीनं आपला वाटा तळहातानं चादरीवर पातळ पसरला आणि बोटांची टोकं त्यावरून फिरू लागली. आज मात्र चहाडी नव्हती.

"नऊ," डावीकडची बाई म्हणाली आणि मणी हंसाकाकीच्या तळहातावर ठेवला.

प्रगतीनं पण हात घातला. तिला पिठाची प्रत्येक गुठळी मणी वाटत होती.

"दहा."

बाहेर रिक्षा येऊन थांबली. पियुषनं हाक मारली. रुपलनं सासूकडे पाहिलं, आणि हंसाकाकीनं मान वर न करता "जरा थांब" अशी खूण केली. प्रगतीला थांबवत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते निळे ओठ येत होते. ती म्हणाली, "काकी, जाऊ दे त्यांना, आपण शोधत राहू." रुपल दोन पावलं चालली. तेवढ्यात हंसाकाकीनं चादरीच्या शिवणीत दबलेला चक्क्याचा गोळा अंगठ्यानं चिरडला आणि तिचा अंगठा थांबला.

"अकरा!"

तिनं मणी पदराला पुसला. मग अकराच्या अकरा मणी जमिनीवर ओळीनं लावले आणि सगळ्यांना मोठ्यानं मोजून दाखवले. एकदा तिनं मोजले, एकदा रुपलनं, एकदा नारूनं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना पुन्हा फोन झाला. ते म्हणाले, मग यायचं कारण नाही, दिवसभर लक्ष ठेवा. रिक्षावाला आतच आला आणि चहा प्यायला बसला.

प्रगती तुळशीजवळ जाऊन बसली आणि ढसाढसा रडली.

"काकी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "सगळं बघितलं आणि तेच बघितलं नाही. मला नाही जमणार हे. पोरांच्या जिवाशी खेळ नको. मी कॅमेरा बॅगेत ठेवते."

रखमी तिच्याशेजारी येऊन बसली. "माझ्या पण डोळ्यांपुढंच होता तो दोरा," ती हळूच म्हणाली. "तुम्हा सगळ्या भावंडांना मीच बांधला. मला तरी कुठं दिसला?"

हंसाकाकीनं रुपलच्या हातातून बारक्याला घेतलं आणि ओट्यावर बसून त्याचं झबलं वर केलं. कमरेला काळा करदोटा होता, त्यात ताईताची एक तांब्याची पेटी आणि दोन मणी. बाराव्या दिवशी तिनं स्वतः बांधलेला. अंघोळ घालतानासुद्धा रुपलला तो सोडायची मुभा नव्हती. बाळाचा आजार, परक्याची नजर, दर्याचा वारा, सगळ्यावरचा तिचा इलाज तोच होता. तिनं खाली वाकून करदोट्याची गाठ दातांनी तोडली.

रुपलच्या तोंडून "आई!" एवढंच निघालं.

हंसाकाकीनं करदोटा मुठीत घेतला, बारक्याचं झबलं काढलं, आणि उठून त्याला तसाच उघडावाघडा प्रगतीच्या मांडीवर ठेवलं.

"हातात नाय, कमरेला नाय, गळ्यात नाय," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच अंगणाबाहेर ऐकू गेला नाही. "आता तो तुझ्या भरवशावर हाय. नीट बघ त्याला. मग काढ फोटो."

प्रगतीनं डोळे पुसले. हात धुतले. मग तिनं बारक्याला नखशिखांत तपासलं: कानामागे, बगलेत, मुठी उघडून, पायाच्या एकेका बोटामध्ये. तिची बोटं लागली की तो गुदगुल्या झाल्यासारखा खिदळत होता. रखमीनं डब्यात मागे ठेवलेला अर्धा केक काढला, आणि आठही बायांनी कुणी न सांगता तो आधी आपल्या बोटांखालून घातला. नवी चादर आली. बाप हाताच्या अंतरावर बसला.

बारक्यानं दोन्ही हात केकवर आपटले. प्रगतीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्यात. पहिले तीन फोटो हलले. चौथा नीट आला.